जखम भरते कशी आणि अडते कुठे?

आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन दिवस मुक्कामाला असतात. माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात. या दोन दिवसांत पेठांमधून एक फेरफटका मारला तर जागोजागी औषधोपचाराचे मांडव दिसतात. कुणाच्या टाचेला फोड, कुणाचा अंगठा ठेचकाळलेला, कुणाला चप्पल चावलेली. पट्टी बांधून मंडळी पुन्हा टाळ हाती घेतात, कारण माउलींच्या पालखीसोबत पुढच्या मुक्कामाआधी दिवेघाट चढायचा असतो.

समजा, एकाच दिंडीतल्या दोन वारकऱ्यांना एकाच दिवशी टाचेला सारखाच फोड आला. दोघेही साठीचे, दोघांनाही तीच पट्टी, तेच मलम. पहिल्याचा फोड चार दिवसांत सुकतो आणि पंढरपूर येईपर्यंत तो विसरूनही जातो. दुसऱ्याचा फोड फुटतो, ओला राहतो, कडेने पांढरा पडतो आणि गावी परतल्यावर महिनाभरानेही तसाच असतो. या दुसऱ्या गृहस्थांना दहा वर्षांचा मधुमेह आहे. अशी जखम पुढे बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते, हे आपण सर्वांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिले आहे.

मग प्रश्न असा, की फोड सारखा, औषध सारखे, तरी एकाची जखम भरते आणि दुसऱ्याची अडते, ती नेमकी कुठे? याचे उत्तर गेल्या दोन-तीन दशकांत शास्त्रज्ञांना बरेच उलगडले आहे. ते उत्तर आपल्या पांढऱ्या पेशी कोणते इंधन जाळतात आणि ते कसे बदलतात, याच्याशी निगडित आहे.

सूज शत्रू नव्हे

जखम झाली की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची हीच चार लक्षणे नोंदवली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत आणि व्रणावरील साठ उपक्रमांची यादी दिली आहे. दाह टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि ज्या त्या टप्प्याचा उपचार निराळा, हे त्या काळच्या वैद्यांनीही जाणले होते.

सूज म्हणजे शरीराने पाठवलेली कुमक. आधी रक्त गोठून गळती थांबते. मग काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेत शिरतात. त्या जंतूंना गिळतात, त्यांच्यावर विषारी रसायने सोडतात आणि एक-दोन दिवसांत स्वतःही मरतात. पू म्हणजे बव्हंशी याच मेलेल्या शिपायांचा ढीग. त्यांच्या पाठोपाठ महाभक्षक पेशी येतात. आजच्या गोष्टीच्या खऱ्या नायिका याच.

या भक्षक पेशींचा शोध रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी इटलीतील मेसिना येथे १८८२ साली लावला. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या पारदर्शक पिल्लात त्यांनी काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती हलणाऱ्या पेशींचा वेढा पडलेला! या कामासाठी १९०८ साली त्यांना पॉल अर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एकच पेशी, दोन नोकऱ्या

महाभक्षक पेशीला जखमेत दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. पहिल्या दोन-चार दिवसांत ती लढवय्यी असते. जंतू मारते, सडलेले मांस साफ करते आणि आणखी कुमक बोलावणारी रसायने सोडते. त्यानंतर तिने हत्यार खाली ठेवून गवंडीकाम हाती घ्यायचे असते. नव्या केशवाहिन्या फुटाव्यात, जखमेत लालसर दाणेदार मांस भरावे, कोलॅजनचे धागे विणले जावेत, यासाठी तिने निराळे संदेश द्यायचे असतात. हे भराव्याचे काम दोन-तीन आठवडे चालते आणि व्रण पक्का होण्याचे काम वर्षभरसुद्धा. एवढे होऊनही व्रणाला मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्केच बळकटी येते.

आता हा लढाईतून बांधकामाकडे जाण्याचा बदल घडवतो कोण? बाहेरून येणारे संदेश तर असतातच. पण पेशीच्या पोटात काय जळते आहे, यावरही तो अवलंबून असतो.

पाचट आणि लाकूड

घरात चूल पेटवायची झाली तर आधी पाचट किंवा काडीकचरा लावतात. तो भसकन पेटतो, पण टिकत नाही. तासभर भाकऱ्या करायच्या तर लाकूडच हवे. पेशीचेही असेच आहे. साखर, म्हणजे ग्लुकोज, प्राणवायूवाचून अर्धवट फोडली तर झटपट ऊर्जा मिळते, पण एका कणातून मिळतात ऊर्जेची फक्त २ नाणी. तीच साखर पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये प्राणवायूसह पूर्ण जाळली, तर ३०च्या आसपास नाणी हाती येतात. तिथे साखरेप्रमाणेच स्निग्ध पदार्थही जाळता येतात. काम सावकाश, पण टिकाऊ.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले, की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू हाताशी असतानाही साखर अर्धवट फोडण्याची उधळपट्टी करतात. पुढे आढळले, की लढाईवर निघालेल्या पांढऱ्या पेशीही हेच करतात. त्यात शहाणपण आहे. जखमेत रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, प्राणवायू अपुरा असतो आणि हल्ला तर आत्ताच परतवायचा असतो. शिवाय या घाईच्या ज्वलनात पेशीत जी मधली रसायने साठतात, तीच दाहाचा भोंगा वाजवतात. डब्लिनच्या ल्यूक ओनील यांच्या गटाने २०१३ साली दाखवले, की सक्सिनेट नावाचे असेच एक रसायन साचले की दाह वाढवणारे एक महत्त्वाचे प्रथिन अधिक तयार होते. म्हणजे चुलीतली राखच आगीची वर्दी देते म्हणा ना!

जंतू आटोक्यात आले की महाभक्षक पेशी मेलेल्या न्यूट्रोफिल गिळू लागते. या साफसफाईतून तिला स्निग्ध पदार्थांचा साठा मिळतो, तो तंतुकणिकांत जळू लागतो आणि त्यातूनच दाह शमवणारे संदेश निघतात. मेलेल्या शिपायांना मूठमाती दिल्यावरच युद्ध संपल्याची दवंडी पिटली जाते, असे हे आहे.

आणखी एक उदाहरण पाहा. आपल्या शेंगदाण्यात, तिळात आणि डाळींत असणारे आर्जिनीन नावाचे अमिनो आम्ल पेशी दोन प्रकारे वापरू शकते. लढाईच्या काळात त्यापासून जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड वायू होतो. बांधकामाच्या काळात त्याच आर्जिनीनपासून कोलॅजनसाठी लागणारा कच्चा माल होतो. माल एकच, त्याची दारूगोळा करायची की विटा, हे पेशीच्या स्थितीवर ठरते.

अर्थात हे चित्र पुष्कळसे काचेच्या बशीत वाढवलेल्या आणि उंदरांच्या पेशींवरून काढलेले आहे. (पुण्याच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना अशा प्रयोगांसाठी पेशी पुरवते.) खऱ्या जखमेत, आणि विशेषतः माणसात, दोन्ही इंधने बरीच सरमिसळ चालतात. पण मुख्य सूत्र कायम राहते. इंधन योग्य वेळी बदलले नाही तर काम बदलत नाही.

मधुमेहात अडते कुठे?

आता आपल्या दुसऱ्या वारकऱ्याकडे वळू. त्यांच्या रक्तात साखर भरपूर आहे. मग पेशींना अधिक ऊर्जा मिळून जखम लवकर भरायला नको का, असे कुणीही विचारील. पण अंगणात लाकडांचा ढीग पडला म्हणजे स्वयंपाक लवकर होतो असे नाही. जादा साखर पेशीत आडवाटेला वळते आणि न्यूट्रोफिलना जंतू मारण्यासाठी जो कच्चा माल लागतो, तो त्या आडवाटेवरच खर्ची पडतो. म्हणून साखर चढलेली असताना या पेशी जंतूंशी नेटाने लढू शकत नाहीत. साखर बराच काळ चढी राहिली की ती कोलॅजनलाही चिकटते आणि त्याचे धागे ताठर होतात.

याहून मोठी अडचण महाभक्षक पेशींची. मधुमेहात त्या मेलेल्या पेशी नीट साफ करत नाहीत आणि लढाईच्या पवित्र्यातच अडकून पडतात. त्यांनी सोडलेली पाचक द्रव्ये नव्याने विणलेले कोलॅजनही कापत राहतात. दिवसा गवंड्याने भिंत उभारावी आणि रात्री पहारेकऱ्यानेच ती पाडावी, तसा प्रकार! मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत तर असे दिसले, की हा भडक स्वभाव हाडातल्या मगजातच, म्हणजे या पेशी जिथे जन्मतात तिथेच, त्यांना लागलेला असतो.

याच्या जोडीला दोन जुने शत्रू असतातच. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे खडा टोचला तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे प्राणवायू आणि औषध दोन्ही जखमेपर्यंत पोचत नाही. मधुमेह असलेल्यांपैकी पाचांत एकाला ते तिघांत एकाला आयुष्यात कधीतरी पायाला चिवट जखम होते, असा जागतिक अंदाज आहे. आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात २०२१ मध्ये सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह होता. यावरून संकट केवढे आहे याची कल्पना यावी.

‘पण मी तर सडपातळ आहे!’

‘मला कसला मधुमेह? मी तर बारीक आहे,’ हे वाक्य दवाखान्यात नेहमी ऐकू येते. त्याला पुण्यातच उत्तर मिळाले आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय बारीक, पण आत चरबी, हा आपला भारतीय बांधा.

हा बांधा जन्मापासूनच असतो, हेही त्यांच्या गटाने दाखवले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९०च्या दशकात गरोदर मातांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने बरीच राखली होती.

याचा जखमेशी संबंध काय? चरबी ही निव्वळ साठवण नव्हे. पोटातली चरबी वाढली की तिच्यातही महाभक्षक पेशी गोळा होतात आणि तिथून मंद दाहाची धग सतत चालू ठेवतात. हे २००३ सालापासून पक्के ठाऊक झाले आहे. ही धग इन्शुलिनचे काम बिघडवते आणि पायाला जखम होण्याच्या कितीतरी आधी पेशींना चुकीच्या पवित्र्यात ठेवते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या घेराकडे लक्ष द्या.

पुण्याचेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी डॉ. याज्ञिकांसमवेत २००७ साली एक वेगळा विचार मांडला. अंगमेहनतीने जगणारा ‘शिपाई’ आणि डोक्याने जगणारा ‘मुत्सद्दी’ अशा दोन जीवनपद्धतींसाठी शरीर आपली घडी बदलते आणि इन्शुलिनला न जुमानणे हा त्या बदलाचाच भाग असावा, असा तो विचार. शिपायाला जखमा व्हायच्याच, म्हणून त्याला जखम भरण्याची तयारी हवी. बैठ्या मुत्सद्द्याला तिची गरज कमी. हा तर्क सिद्ध झालेला नाही आणि त्यावर वाद आहेत. पण बसून काम करणाऱ्या पिढीने विचार करावा असा तो खासच आहे.

काही समजुती

‘भात खाल्ला की टाक्यांत पू होतो’, म्हणून अनेक घरांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा भात आणि डाळ दोन्ही बंद करतात. पू जंतूंमुळे होतो, भाताने नव्हे. मधुमेह्याने भाताचे प्रमाण जरूर बेताने ठेवावे, पण डाळ बंद करणे म्हणजे गवंड्याच्या विटाच बंद करणे. जखम असताना प्रथिने जास्त लागतात. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे चालते ते रोज पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. कोलॅजन विणायला ‘क’ जीवनसत्त्व हवेच, म्हणून आवळा, पेरू, लिंबू विसरू नका.

जखमेवर चुना, तंबाखू, चहाची पूड किंवा स्वयंपाकघरातली हळद भरू नका. हळदीतील द्रव्यावर प्रयोगशाळांत अभ्यास चालू आहेत हे खरे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा टिंक्चर रोज ओतले तर जंतूंबरोबर नवी पेशीही मरते. स्वच्छ वाहते पाणी आणि साबण पहिल्या धुण्याला पुरतात. जखम उघडी ठेवून कडक सुकवण्यापेक्षा स्वच्छ पट्टीखाली किंचित ओलसर राहिली तर लवकर भरते, हे १९६२ सालापासून सिद्ध आहे.

सूज लवकर जावी म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी दाह दबतो तसे भरावाचे कामही दबते, आणि मधुमेह्याची साखर भडकते ती वेगळीच.

मधुमेह असेल तर

१) रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.

२) अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर बधिर तळव्यांना फोड येतात आणि कळतही नाही. पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरू नका.

३) कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नका. चप्पल-बूट संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा पाहा.

४) वर्षातून एकदा पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा डॉक्टरांकडून तपासून घ्या. मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे चालू असेल तर ‘ब-१२’ जीवनसत्त्वही तपासा. ही गोळी ते कमी करते आणि त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत ते कमी आढळले होते. शाकाहारी मंडळींनी अधिक जपावे.

५) जखम झालीच तर पहिल्याच दिवशी दाखवा. साखर आटोक्यात आणणे हे जखमेवरचे औषधच समजा. गरज पडल्यास काही दिवस इन्शुलिन घ्यावे लागते, त्याला घाबरू नका. धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.

६) तळव्याला जखम असेल तर त्या पायावर भार देऊ नका. पट्टी कितीही चांगली असली तरी प्रत्येक पाऊल नवा भराव चिरडते.

७) तंबाखू, विडी, मशेरी बंद. यांनी रक्तवाहिन्या आक्रसतात.

८) काळपट रंग, दुर्गंधी, वर चढणारी लाली, ताप, किंवा न दुखता एकच पाय गरम होऊन सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचार चालू असूनही चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

पांढऱ्या पेशींचे इंधन थेट बदलून चिवट जखमा भरता येतील का, यावर जगभर प्रयोग चालू आहेत. उद्या तसे मलम निघेलही. पण तोवर पेशींना लढाई थांबवून बांधकामाला लावण्याचे साधे उपाय आपल्याच हाती आहेत. आटोक्यातली साखर, पोटात प्रथिने, पायाला विश्रांती आणि वेळेवर उपचार.

आपल्या दुसऱ्या वारकऱ्याने काय करायला हवे होते? वारीला निघण्यापूर्वी महिनाभर साखर तपासून आटोक्यात आणायची, पायांत सरावलेली मऊ पादत्राणे आणि सुती मोजे घालायचे, रोज मुक्कामावर तळवे पाहायचे. आणि पुण्याच्या मांडवात फोड दिसला असता, तर पुढचे काही टप्पे दिंडीच्या गाडीतून करायचे. वाटेत दोन दिवस गाडीत बसले म्हणून विठोबा रागावणार नाही. पाय शाबूत राहिले तर पुढच्या वर्षीची वारी आहेच!